‘युअर नेम’ : नाव विसरण्याची गोष्ट आपल्याला एवढी का रडवते?

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोललोय तसंच ठेवलंय बरंचसं. आणि आधीच सांगतो, आज स्पॉयलर आहेत. पिक्चर बघितला नसेल तर आधी तो बघा, मग इकडे या. मी कुठे पळून जात नाहीये.

तर, ‘किमि नो ना वा’. इंग्रजीत ‘युअर नेम’. दिग्दर्शक माकोतो शिनकाई, साल २०१६. एकट्या जपानमध्ये या पिक्चरने २५ अब्ज येनच्या वर धंदा केला. त्या वेळी जपानी सिनेमांमध्ये याच्या पुढे फक्त मियाझाकींचा ‘स्पिरिटेड अवे’ होता.

गोष्ट वरवर बघितली तर साधी आहे. मित्सुहा ही डोंगरातल्या इतोमोरी नावाच्या छोट्या गावातली शाळकरी मुलगी. ताकी हा टोकियोतला मुलगा, शाळा सुटल्यावर हॉटेलात वेटरचं काम करणारा. अधूनमधून झोपेतून उठल्यावर दोघांची शरीरं बदललेली असतात. मग एकमेकांच्या आयुष्यात घोळ नको म्हणून ते मोबाइलमध्ये डायरी लिहून ठेवतात. आज काय केलं, कोणाशी बोललो, तुझे किती पैसे उडवले. पहिला अर्धा तास आपण नुसते हसत असतो.

आणि मग एक दिवस हे बदलणं थांबतं. ताकी फोन लावतो, लागत नाही. तो आठवणीतून गावाची चित्रं काढतो आणि शोधत निघतो. शेवटी कळतं, की ते गाव तीन वर्षांपूर्वीच गेलंय. धूमकेतूचा तुकडा पडला आणि पाचशेच्या आसपास माणसं मेली. मृतांच्या यादीत तिचं नाव आहे. त्याच वेळी त्याच्या मोबाइलमधल्या तिच्या नोंदी डोळ्यांसमोर एकेक करून पुसल्या जातात.

मला विचाराल तर पिक्चरची खरी पकड इथे आहे. जुनी चॅट डिलीट झाल्यावर पोटात जो खड्डा पडतो, तो आपल्या पिढीला समजावून सांगावा लागत नाही. दोघांमध्ये अंतर फक्त गावांचं असतं, तर ट्रेनने जाता आलं असतं. शिनकाई ते अंतर काळाचं करून टाकतात.

आता जरा आतल्या गोष्टी. मित्सुहाची आजी ‘मुसुबी’ नावाची कल्पना सांगते. दोरे विणणं म्हणजे मुसुबी, माणसं जोडली जाणं मुसुबी आणि काळाचं वाहणंही मुसुबी. सबटायटल वाचताना हे अवघड वाटतं, पण मराठी माणसाला वाटू नये. आपल्याकडे ‘गाठ’ दोऱ्याला बसते आणि माणसांचीही ‘गाठ’ पडते. मित्सुहाच्या केसांतला लाल गोफ म्हणूनच पूर्ण पिक्चरभर फिरत राहतो. तो ताकीच्या मनगटावर कसा आला, हे कळतं तेव्हा अंगावर काटा येतो.

दुसरी गोष्ट ‘कुचिकामिझाके’. मित्सुहा देवळात भात चावून भांड्यात काढते, त्याची दारू. किळसवाणी वाटते ना? पण प्रकार खरा आहे. थुंकीतल्या एन्झाइममुळे भातातल्या स्टार्चची साखर होते, ती आंबते आणि दारू बनते. गोष्टीत मात्र ते मित्सुहाचं अर्धं अस्तित्व आहे. ताकी ते पितो म्हणूनच तिच्यापर्यंत पोचतो.

आणि तिसरी, माझी सगळ्यात आवडती. दोघं अखेर समोरासमोर भेटतात ती वेळ म्हणजे ‘कातावारे-दोकी’. ना दिवस ना रात्र, समोरचा माणूस नीट ओळखू येत नाही अशी वेळ. जपानीत संध्याकाळसाठी ‘तासोगारे’ असा शब्द आहे. तो ‘तो कोण?’ या प्रश्नातून आला, हे वर्गातल्या बाई सुरुवातीलाच शिकवतात. आपली कातरवेळ आठवली की नाही? शब्दांचं नातं काही नाही, योगायोग आहे. पण हुरहूर तीच.

शिनकाईंनी स्वतः सांगितलंय, की २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीचा या गोष्टीवर परिणाम आहे. आधी कळलं असतं तर? कोणी जाऊन सांगितलं असतं तर? त्या वेळी जपानभर लोकांच्या मनात हेच होतं. पिक्चर ती इच्छा पूर्ण करतो.

हे मला नीट कळलं ते आईमुळे. आईचं माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या जवळचं. ३० सप्टेंबर १९९३ ला ती नववीत होती. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गाव झोपलेलं आणि पहाटे ३:५६ ला भूकंप. इतोमोरीतही त्या रात्री देवळाचा उत्सवच असतो. गेल्या दिवाळीत मी माझ्या मोबाइलवर पिक्चर बघत होतो, ती शेजारी बसून बघायला लागली. प्रेमाबिमात तिला काही रस नव्हता. सारखं एकच, “गाव वाचलं का रे त्या पोरीचं?”

वाचलं, म्हटलं.

थोड्या वेळाने म्हणाली, “माझ्या बाकावर एक मुलगी बसायची. आडनाव आठवतंय. नाव नाही आठवत.” तिने दोन-तीन नावं म्हणून बघितली. नाही, ही नाही. मग उठून कुकर लावायला गेली.

पिक्चरमध्ये विसरू नये म्हणून दोघं एकमेकांच्या तळहातावर नाव लिहायचं ठरवतात. ताकी नावाऐवजी ‘तू मला आवडतेस’ असं लिहितो. ती लिहायला लागते तेवढ्यात वेळ संपते, पेन खाली पडतं. मला आधी वाटायचं, येडा आहे का हा, नाव लिही ना! आता वाटतं, बरोबर लिहिलं त्याने. नाव गेलं तरी कोणीतरी होतं, एवढं राहतं. म्हणून तर शेवटी त्या जिन्यावर, सगळं विसरलेले दोघं थांबतात आणि नाव विचारतात.

आईने नंतर मामाला फोन केला. त्यालाही आठवलं नाही. आता तिच्या वर्गातल्या कोणाचा नंबर मिळतो का, ते बघतोय आम्ही. मिळालं नाव, तर पुढच्या भागात सांगेन.

तोवर ऐकत राहा. भेटूच!