'हम्मा हम्मा'वाला रेमो स्वतःची कॅसेट विकायला स्कूटरवरून फिरला होता

वरात असो की कॉलेजचं गॅदरिंग, 'हम्मा हम्मा' वाजलं की पाय थांबत नाहीत. १९९५ च्या 'बॉम्बे'मधलं हे गाणं, संगीत ए. आर. रहमानचं. आणि हिंदी गाण्यातला तो खट्याळ आवाज रेमो फर्नांडिसचा. 'जलवा'चं टायटल साँगही त्याचंच, 'प्यार तो होना ही था'मधला पुरुषाचा आवाजही त्याचाच.

आता गंमत बघा. ज्या गाण्यांमुळे रेमो देशभर पोहोचला, ती मुळात दुसऱ्यांची गाणी. त्यानं स्वतः लिहिलेली, स्वतः वाजवलेली गाणी वेगळीच आहेत. त्यांची पहिली कॅसेट खपवायला हा माणूस गोव्यात स्कूटरवरून दुकानोदुकानी फिरला होता.

असं करणारा तो जगात एकटा नव्हता. त्याच्या काही वर्षं आधी इंग्लंडमध्ये हेच चालू होतं आणि त्याला पुढे नाव पडलं, पोस्ट-पंक.

पोस्ट-पंक म्हणजे काय भानगड आहे?

१९७६ च्या आसपास लंडनमध्ये पंक आलं. तीन कॉर्ड, सुसाट वेग आणि प्रचंड राग. पण बंडखोरी करणाऱ्या सेक्स पिस्टल्ससारख्या बँडनीही करार केले ते मोठ्या कंपन्यांशीच.

मँचेस्टरच्या बझकॉक्सनं वेगळा रस्ता धरला. त्यांनी घरच्यांकडून, मित्रांकडून साधारण ५०० पौंड उसने घेतले, डिसेंबर १९७६ मध्ये चार गाणी रेकॉर्ड केली आणि जानेवारी १९७७ मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' नावाची तबकडी स्वतःच काढली. पहिल्यांदा हजारच प्रती छापल्या होत्या, पुढे हजारोंनी खपल्या. त्यांचा गायक हॉवर्ड डेव्होटो लगेच बाहेर पडला. पंक आता ठरावीक साच्याचं होत चाललंय, असं त्याला वाटत होतं. त्यानं मॅगझीन नावाचा बँड काढला.

इथून पुढचा प्रवाह म्हणजे पोस्ट-पंक. यात गिटार जाड थराची नसते, बारीक आणि टोकदार असते. बास पुढे येतो. रेगे, फंक, जे हाताला लागेल ते आत येतं. पण खरा बदल धंद्यात झाला. स्क्रिटी पोलिटी या बँडनं तर १९७८ मध्ये तबकडीच्या कव्हरवरच तिचा सगळा खर्च छापला. हेतू एकच, वाचणाऱ्याला कळावं की हे आपल्यालाही जमू शकतं. लंडनच्या रफ ट्रेड या दुकानानं स्वतःचं लेबल काढलं आणि नफा कलाकाराबरोबर निम्मा-निम्मा वाटायला सुरुवात केली.

१९७९ मध्ये याच रफ ट्रेडनं मोनोक्रोम सेट या बँडची पहिली गाणी काढली. त्याचा गायक-गिटारिस्ट बिड, म्हणजे गणेश शेषाद्री, भारतीय वंशाचा. तो या बँडबरोबर आजवर अल्बम काढत आलाय. नाव मात्र भारतात फार थोड्यांना माहीत.

आता येऊ गोव्यात

रेमोचा जन्म १९५३ चा. गोवा मुक्त झाला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. शाळेत असताना बँड केला, मुंबईत आर्किटेक्चर शिकला आणि १९७७ ते १९८० या काळात युरोप, उत्तर आफ्रिका हिंडला. म्हणून त्याला पोस्ट-पंकवाला म्हणायचं का? नाही. त्याच्या गाण्यात रॉक आहे, पोर्तुगीज चाली आहेत, कोकणी लय आहे. साम्य आहे ते काम करण्याच्या पद्धतीत.

कारण अडचण तीच होती. ऐंशीच्या दशकात इथल्या कंपन्यांना हवे होते सिनेमा, गझल आणि भजनं. गोव्यातला एक मुलगा इंग्रजीत स्वतःची गाणी लिहितोय, ती घेणार कोण?

मग त्यानं शिवोलीच्या घरातच, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर अल्बम केला. हे यंत्र समजून घेण्यासारखं आहे. साध्या कॅसेटच्या एका बाजूला दोन ट्रॅक असतात, डावा आणि उजवा. दोन बाजू मिळून चार. हे मशीन चारही ट्रॅक एकाच दिशेनं वापरतं. म्हणजे पहिल्यावर ड्रम घ्या, तो ऐकत दुसऱ्यावर बास, मग तिसऱ्यावर गिटार. चौथं वाद्य झाल्यावर जागा संपते. अजून हवं असेल तर पहिले तीन मिसळून चौथ्यावर उतरवायचे आणि तीन पुन्हा मोकळे करायचे. प्रत्येक वेळी टेपची खरखर वाढते, आणि एकदा मिसळलेलं परत वेगळं करता येत नाही. चूक झाली तर पहिल्यापासून सुरू. ब्रूस स्प्रिंगस्टीननं त्याचा 'नेब्रास्का' (१९८२) अशाच मशीनवर केला होता, पण त्याच्यामागे कंपनी उभी होती.

रेमोनं गाणी लिहिली, वाद्यं स्वतःच वाजवली आणि आवाजही स्वतःचेच दिले. १९८४ मध्ये 'गोअन क्रेझी' आली. पुढच्या वर्षी जुन्या गोवन गाण्यांची 'ओल्ड गोअन गोल्ड'.

कॅसेट होती म्हणूनच हे जमलं. तबकडी छापायला कारखाना लागायचा, कॅसेट मात्र खोलीत बसून कॉपी करता यायची. आपल्या मराठवाड्यात भीमगीतं आणि भक्तिगीतं घराघरात गेली ती याच कॅसेटमुळे.

डोक्यावर कंपनी नव्हती, त्यामुळे विषयालाही अडवणारं कोणी नव्हतं. पंतप्रधान राजीव गांधी गोव्यात आले असताना रेमोनं त्यांच्यासमोरच गोव्याच्या प्रश्नांवरचं गाणं म्हटलं. नेतेमंडळी अस्वस्थ झाली, पण नंतर खुद्द राजीव गांधींनी पत्र पाठवून कौतुक केलं.

एवढं झाल्यावर कंपनी आली. ड्रग्जविरोधातला 'पॅक दॅट स्मॅक' (१९८६) आणि 'बॉम्बे सिटी' (१९८७) हे अल्बम सीबीएसनं काढले. स्कूटरवर जे पोहोचत नव्हतं, ते आता देशभर पोहोचलं. मधल्या काळात श्याम बेनेगलांच्या 'त्रिकाल'मधून सिनेमाही सुरू झाला होता आणि १९८७ मध्ये 'जलवा' आला. पुढे २००७ ला पद्मश्री, २०२१ ला आत्मचरित्र.

सिनेमाचं गाणं आणि स्वतःचं गाणं यात फरक फक्त अभिमानाचा नाही, पैशांचाही आहे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होईपर्यंत चित्रपटात गाणाऱ्याला साधारणपणे एकदाच मानधन मिळायचं. गाणं पुढे कितीही वाजलं तरी त्याच्या हातात काही नाही. स्वतःच्या गाण्याचे हक्क मात्र, सही करून दिले नाहीत तर, स्वतःकडेच राहतात.

आज संभाजीनगरच्या सिडकोतला एखादा पोरगा लॅपटॉपवर शंभर ट्रॅक लावू शकतो आणि रात्रीतून गाणं जगभर टाकू शकतो. रेमोची रेकॉर्डिंगची अडचण त्याला नाही. ऐकणाऱ्याच्या दारापर्यंत जायची अडचण तशीच आहे, आणि तिथं स्कूटरही चालत नाही. म्हणून मग कव्हर साँग करायचं, रील चालवायची आणि मधेच आपलं गाणं सरकवायचं, हा खटाटोप चालतो.

रेमोची ती जुनी गाणी ऐकायची असतील तर सुरुवात 'गोअन क्रेझी'पासून करा. हेडफोन लावा, म्हणजे एकच माणूस किती वेळा येऊन बसलाय ते कळेल.