ती गोल डबी, चोवीसची की चौतीसची?

घर बदलताना कपाट सुटं केलं आणि नव्या घरी त्याचा एक तुकडा पोचलाच नाही. अंगठ्याच्या नखाएवढा, जस्ताचा, पोटात खाच असलेला. हार्डवेअरच्या दुकानात ‘ती गोल डबी’ मागितली, तर समोर ऑटो हिंज आली. चूक माझीच. दाराच्या त्या बिजागरीलाही गोल वाटी असते, पण ती 35 मिलिमीटरची. माझी 15 ची.

बाजारात तिला मिनीफिक्स म्हणतात. मुळात हे हेफेले या जर्मन कंपनीचं नाव. हेटिच ही दुसरी जर्मन कंपनी तशाच वस्तूला रॅस्टेक्स म्हणते. पण वनस्पती तुपाचा जसा डालडा झाला, तसं आपल्याकडे डबी कोणाचीही असो, मिनीफिक्सच.

एका फळीत डबी, दुसऱ्या फळीत मुंडीवाला बोल्ट. मुंडी फळीच्या कडेतून डबीच्या पोटात शिरते. स्क्रू ड्रायव्हरने डबी साधारण अर्धा वळसा फिरवली की आतली तिरकी कड मुंडीला ओढून घेते आणि दोन्ही फळ्या घट्ट होतात. डबीच्या तोंडावरचा बाण आधी बोल्टच्या दिशेला हवा. तो उलटा असला तर बोल्ट आत जात नाही आणि आपण फळीवर हातोडी चालवत बसतो. शेजारच्या लाकडी खुंट्या, म्हणजे डॉवेल, फळ्या सरळ रेषेत धरतात. त्यांच्या अंगावरच्या रेघा गोंदासाठी.

पलंगाचा जोड वेगळा. तिथे आडव्या भोकात लोखंडी नळकांडं असतं, बॅरल नट. त्याच्या टोकावरची खाच उगाच नाही. तीत स्क्रू ड्रायव्हर घालून नटचे आटे बोल्टसमोर आणायचे असतात. पार्टिकल बोर्डातला जाड आट्यांचा, एलन-कीने फिरणारा स्क्रू म्हणजे कन्फर्मॅट. सर्रास मिळतो तो 7 बाय 50 मिलिमीटरचा. तो काढून पुन्हा पुन्हा लावू नका, बोर्डाचा भुसा होतो.

नाव आठवलं नाही तरी अडत नाही. मोजायचं ते भोक. व्हर्निअर नसेल तर ड्रिलचा एकेक बिट भोकात घालून पाहा. जो अंगाबरोबर बसतो, त्याच्यावरचा आकडा तुमचा. मिनीफिक्ससाठी आणखी एक माप लागतं, ते बहुतेक जण विसरतात: डबीच्या भोकाच्या मध्यापासून फळीच्या कडेपर्यंतचं अंतर. ते बहुधा 24 किंवा 34 मिलिमीटर असतं आणि बोल्टची लांबी त्यावर ठरते. फळीची जाडीही सांगा, कारण डबीची उंची तिच्यावर.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा उरलेला जोड खिशात होता. दुकानदाराने बोल्टकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाला, ‘‘चौतीसचं आहे.’’


एक लागत होता, चार घेतले.