दाढेतली चांदी आणि पारा

दाढेत भरायच्या ‘चांदी’त वजनाने जवळपास निम्मा पारा असतो; उरलेल्यात चांदी, कथील आणि तांबं. हे भरण वर्षानुवर्षं टिकतं, म्हणूनच ते इतकं रुळलं. पण पाऱ्यापासून पर्यावरणाला असलेला धोका ओळखून २०१३च्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात या भरणाचा वापर कमी करायचं ठरलं. युरोपीय संघाने तर १ जानेवारी २०२५पासून, मोजके वैद्यकीय अपवाद सोडून, ते थांबवलंच. आता सर्रास वापरतात ते दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट. निळ्या प्रकाशाखाली ते काही सेकंदांत कडक होतं. मात्र भरताना दात अगदी कोरडा हवा. जुनी चांदी शाबूत असेल, तर निव्वळ भीतीपोटी ती काढून घेऊ नका. उकरतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते.