बाणगंगा तलाव

बाणगंगा हा दक्षिण मुंबईतील मलबार टेकडीवर, वाळकेश्वर मंदिराच्या परिसरात असलेला प्राचीन तलाव आहे. समुद्र अगदी जवळ असूनही जमिनीखालील झऱ्यामुळे त्याचे पाणी गोडे आहे. शहरातील धोबी तलाव, गोवालिया टँक व सी. पी. टँक ही तळी बुजवली गेली आणि केवळ स्थलनामांत उरली. बाणगंगा मात्र आजही वापरात आहे.

आख्यायिका

सीतेच्या शोधात निघालेल्या रामाला येथे तहान लागली, तेव्हा लक्ष्मणाने जमिनीत बाण मारून पाण्याचा झरा आणला, अशी कथा सांगितली जाते. रामाने येथे वाळूचे शिवलिंग स्थापिले, म्हणून ‘वालुकेश्वर’ व त्यावरून ‘वाळकेश्वर’ हे नाव आले, असे मानतात.

इतिहास

तलावाची बांधणी इ.स. ११२७ मध्ये शिलाहारांच्या दरबारातील लक्ष्मण प्रभू यांनी केल्याचे मानले जाते. पोर्तुगीज काळात मूळ मंदिर नष्ट झाले. इ.स. १७१५ च्या सुमारास रामा कामत यांनी त्याची पुनर्बांधणी केली.

रचना

तलाव आयताकृती असून चारही बाजूंनी दगडी पायऱ्या आहेत. प्रवेशाजवळ दीपमाळा आणि भोवती लहानमोठी मंदिरे व मठ आहेत.

संवर्धन

बाणगंगा हे संरक्षित स्मारक आहे. पितृपक्षात पिंडदानाचे साहित्य पाण्यात पडून प्राणवायू घटतो व मासे मरतात. जून २०२४ मध्ये गाळ काढण्यासाठी यंत्र तलावात उतरवल्याने काही पायऱ्यांची हानी झाली.