आर्येला चाल लावताना

कीर्तनाला अजून अवकाश होता. बारामतीत कऱ्हेकाठच्या देवळात बुवा पेटीवाल्याला सांगत होते, "काळी दोन धर. आर्या चालू असताना मधे भरू नकोस, मी थांबलो की सूर दे." तबलजी हातोडीने तबला लावत होता. आर्येत त्याला काम नव्हतं. पद आलं की ठेका, आर्या आली की हात मांडीवर.

बुवा एकच आर्या पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होते. पहिला चरण एका दमात, दुसऱ्याच्या अखेरीला मुक्काम. शेवटच्या यमकाच्या तोंडाशी ते किंचित रेंगाळत, म्हणजे पुढचा शब्द ऐकणाऱ्याच्या मनात आधी यावा. रेंगाळायची ही जागा गाणाऱ्याने शोधलेली नव्हे, लिहिणाऱ्याने राखून ठेवलेली.

लिहिणारे मोरोपंत. १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मलेले मोरेश्वर रामजी पराडकर बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत पुराणिक झाले आणि १७९४ मध्ये इथेच वारले. त्यांच्या बहुतेक आर्या शास्त्राने गीती आहेत. चरणांच्या मात्रा १२, १८, १२, १८. काटेकोर आर्येचा चौथा चरण १५ मात्रांवर संपतो. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, चार मात्रांचा एक गण. हिशेब मात्रांचा असल्याने अक्षरं कमीजास्त झाली तरी चालतात. गवयाच्या दृष्टीने खरी सोय ही. एक चाल गळ्यात बसली की तिच्यात दुसरी आर्या बसते, दहावी बसते, हजारावीही बसते. पंतांच्या नावावर पाऊण लाख कविता सांगतात. एवढ्या मालाला स्वतंत्र चाली कोण लावणार होतं?

लेखणीवर पंतांचा ताबा विलक्षण होता आणि कधीकधी तो नुसता डौल वाटतो. 'निरोष्ठ रामायणा'त ओठांनी उच्चारायची अक्षरं वर्ज्य. म्हणजे 'म' गेला आणि त्याबरोबर नायकाचं नावही गेलं! ही कसरत वाचायला गंमत आहे. ऐकायला मात्र मला त्यांच्या महाभारतातल्या साध्या संवादांच्या आर्या अधिक आवडतात. गाताना त्यांत माणसं बोलतात.

शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, गळा तिसऱ्याचा, हा व्यवहार अरबी गाण्यातही जुना आहे. कैरोत कवी अहमद रामी लिहीत, रियाद अल-सुनबाती चाल बांधत, उम्म कुलसूम गात. लेबनॉनचे रहबानी बंधू मात्र फैरूझसाठी शब्द आणि चाल दोन्ही करत. आजच्या अरबी पॉपमध्येही गीतकार, चालकार आणि वाद्यमेळ रचणारा यांची नावं वेगवेगळी छापतात.

आपल्याकडे दोन्ही करणारा गडी सोलापूरचा. राम जोशी लावणी रचायचे आणि डफावर स्वतः गायचे. एका लावणीत चार भाषा खेळवण्याची त्यांची हातोटी होती. सोलापूर ते बारामती म्हणजे इंदापूरवरूनची वाट, फार लांबची नव्हे. पंतांशी संबंध आल्यावर ते तमाशातून कीर्तनाकडे वळले आणि पंतांच्या आर्या कीर्तनातून गाजवल्या. व्ही. शांताराम यांच्या राजकमलने १९४७ मध्ये त्यांच्यावर 'लोकशाहीर रामजोशी' हा चित्रपट काढला. पंतांना पंडितांची वाहवा घरबसल्या मिळाली असेलही, पण गावोगावच्या देवळांत त्यांना पोचवलं ते डफाची सवय असलेल्या गळ्याने. तमाशाला नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

त्या संध्याकाळी उत्तररंगात बुवांची आर्या चांगली जमली. यमकाआधी ते थांबले तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका आजींनी शब्द आधीच पुरा केला. त्या शाळा किती शिकल्या असतील कोण जाणे. आर्या त्यांना कानाने येत होती. शाळेत मात्र आपण मोरोपंत आधी टिपांसकट वाचायला देतो, गायला कधीच देत नाही. बारामती-इंदापूरच्या शिक्षकांनी तरी क्रम उलटा करून पाहावा: आधी चाल, मग मात्रा, अर्थ सगळ्यात शेवटी.