उचल, खाडा आणि ‘स्वखुशी’

दिवाळी सरली की कृष्णाकाठच्या आमच्या गावांतून कोप्या उभ्या राहतात. चार बांबू, वर पाचट किंवा ताडपत्री, आत चूल, एक पत्र्याची पेटी आणि झोपलेली दोन पोरं. अजून अंधार असतो तेव्हा नवरा-बायको उसाच्या फडात उतरतात. तो तोडतो, ती वाढे वेगळे करते, मोळ्या बांधते. ट्रॉली आली की तीच मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढते. ही फळी वीतभर रुंद असते. हंगामात या जोडप्याला नावाने कुणी हाक मारत नाही, त्यांची गणती ‘एक कोयता’ अशीच होते.

या माणसांना गुलाम म्हटलं की पारावर बसलेल्यांना हसू येतं. ‘गुलामगिरी कधीच संपली, आता कसली?’ असं विचारणाऱ्यांत बरीच शिकलेली माणसंही असतात. हा पहिला गैरसमज. गंमत म्हणजे तो ज्या जिल्ह्यात सर्रास ऐकू येतो, त्याच साताऱ्यातलं कटगुण हे जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं मूळ गाव. १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहून फुल्यांनी ती अमेरिकेत काळ्यांना दास्यातून सोडवणाऱ्यांना अर्पण केली. म्हणजे बेडी पायात नसली तरी माणूस गुलाम असू शकतो, हा विचार आपल्याकडे दीडशे वर्षं जुना आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांचा २०२१ सालचा अंदाज असा, की जगात २ कोटी ७६ लाख माणसं सक्तीच्या श्रमात अडकलेली आहेत. त्यातली निम्म्याहून अधिक गरीब देशांत नसून उच्च-मध्यम आणि उच्च उत्पन्नाच्या देशांत आहेत. हे वाचून चकित व्हायचं कारण नाही. बंधन तयार होतं कोरडवाहू गावात, पण त्याचा उपयोग होतो तो जिथे पाणी, पीक आणि पैसा आहे तिथे. आपल्या पट्ट्यात साखरेचे किती कारखाने आहेत, ते मोजून पाहावं.

‘त्यांनी पैसे स्वखुशीने घेतलेत.’

या वाक्याचा हिशेब नीट मांडायला हवा. पावसाळ्यात, म्हणजे घरात दाणा आणि हाताला काम दोन्ही नसतं तेव्हा, टोळी जमवणारा मुकादम आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, देतो. समजा एका कोयत्याने १ लाख रुपये उचलले. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, त्यानंतर टनाला सुमारे ३६६ रुपये मिळू लागले. भागाकार केला तर लाख रुपये फेडायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. दिवसाला दोन टन धरले तर १३७ दिवस. तेही एक दिवस न चुकता, ताप न येता, पाऊस न पडता, आणि मधल्या काळात एक पैसाही न खाता. प्रत्यक्षात दर पंधरवड्याला किराण्यासाठी खर्ची घ्यावीच लागते आणि ती बाकीत मिळवली जाते. एखादा दिवस कामावर गेलं नाही तर ‘खाडा’ लागतो. खाडा म्हणजे नुसती त्या दिवसाची मजुरी बुडणं नव्हे, वर दंडही कापला जातो. अलीकडे हंगाम कधीकधी शंभर दिवसांतच आटोपतो. पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तेव्हा वहीत बाकी उरते आणि पुढच्या साली ती फेडायला त्याच मुकादमाकडे यावं लागतं. वही मुकादमाच्या खिशात असते.

आता ‘स्वखुशी’बद्दल कायदा काय म्हणतो ते पाहू. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात साखळदंडाचा उल्लेख शोधू नका. आगाऊ रक्कम घेतली, आणि तिच्यापायी माणसाला किमान वेतनापेक्षा कमी दराने राबावं लागलं, किंवा दुसरीकडे काम धरता आलं नाही, किंवा मोकळेपणी जाता-येता आलं नाही, तर ती वेठबिगारी. यातलं एक असलं तरी पुरे. १९८२ साली दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याही पुढे जाऊन सांगितलं, की भूक आणि दारिद्र्य हीसुद्धा सक्तीच आहे. दुसरा पर्यायच नसल्यामुळे कुणी किमान वेतनाखाली काम पत्करत असेल, तर ते राज्यघटनेच्या २३व्या कलमात मना केलेलं सक्तीचं काम ठरतं. न्यायालयाने ‘स्वखुशी’चा निकाल लावून चाळीस वर्षं झाली, पण पारावर तो अजून पोचलेला नाही.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. प्रत्येक ऊसतोड मजूर वेठबिगार असतो असं मी म्हणत नाही. चांगले मुकादम आहेत, फायद्यात परत जाणाऱ्या टोळ्याही आहेत. प्रश्न एवढाच विचारायचा: या जोडप्याला उद्या सकाळी काम सोडून गावी जायचं असेल तर जाता येईल का?

‘फसवणूक तर आमचीच होते.’

हे अर्धं खरं आहे, म्हणून ते झटकून टाकता येत नाही. कराड, वाळवा, पलूस भागात असे ट्रॅक्टरमालक भेटतात, ज्यांनी कर्ज काढून मुकादमाला लाखो रुपये दिले आणि हंगाम उजाडला तरी टोळी आलीच नाही. काहींची शेतं गहाण आहेत. फौजदारी तक्रारीही दाखल होतात आणि व्हायलाच हव्यात. पण व्यवहाराची उतरंड बघा. कारखान्याचा करार वाहनमालकाशी, वाहनमालकाचा मुकादमाशी, आणि मुकादमाचा मजुराशी. हा शेवटचा करार बहुतेक वेळा तोंडी. मधल्या प्रत्येकाने आपली जोखीम खाली ढकललेली. मुकादम पळाला म्हणून टोळीतल्या कुणाला डांबून ठेवायचं, त्याची बायको ‘तारण’ म्हणून फडात ठेवून घ्यायची, ही वसुली नव्हे, गुन्हा आहे. आणि ज्या मजुराच्या ऊस तोडण्यावर हे सगळं चालतं, तो कागदावर कुणाचाच कामगार नसतो.

शेतकरी तक्रार करतात की टोळीवाले एंट्री, खुशाली म्हणून वरचे पैसे मागतात, मग ते कसले बिचारे. मागतात, खरं आहे. वेळेवर तोड न आल्याने वाळलेला ऊस ज्याने पाहिलाय, त्याचा राग समजतो. पण या पैशाने उचल फिटत नाही.

‘तोडकरी सगळे बीडचेच’ हाही समज सोडून द्या. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातली कुटुंबंही कोयता घेऊन बाहेर पडतात. एकाच जिल्ह्यात उसाचं आगरही आहे आणि तोडकऱ्यांची गावंही.

बायकांबद्दलचा गैरसमज सर्वांत क्रूर. ‘त्या अडाणी, पिशव्या काढून घेतात’ असं म्हणून विषय संपवला जातो. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या बीडच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पाळीच्या चार दिवसांत मोळी उचलवत नाही, फडात आडोसा नाही, पाणी नाही, आणि सुट्टी घेतली तर खाडा. हे सगळं माहीत असताना त्यांना अडाणी म्हणायचं, तर आधी हिशेबाची वही उघडून बघावी.

‘गरिबी आहे तोवर हे चालायचंच.’

मला सर्वांत जास्त भांडायचं आहे ते या वाक्याशी. कारण त्याचं उत्तर परदेशात शोधावं लागत नाही, ते पाटण तालुक्यात मिळतं. पाटण, जावळी, माण, खटावमधून पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुंबईच्या बाजारांत आणि गोद्यांत हमाली करायला गेली. गरिबी तीच, घरी दुष्काळ नाहीतर डोंगर, शिक्षण नाही. तिथेही टोळीवाला होता, मुकादम होता, पाठीवरच्या गोणीतला वाटा वरच्यावर काढून घेतला जात होता. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी या हमालांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. कायद्याने हमालांची गरिबी हटवली नाही. त्याने मजुरी कुणाच्या हातून मिळणार, ते बदललं. मालकाने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, नोंदलेल्या कामगाराला पैसे मंडळाने द्यायचे, भविष्यनिर्वाह निधी आणि रजा त्या लेव्हीतून. वही मुकादमाच्या खिशातून निघून मंडळाच्या कपाटात गेली. (माथाडीच्या नावावर पुढे खंडणीखोरही शिरले, तो वेगळा विषय.) गोणी तेवढीच जड राहिली, पण हमाल कुणाचा बांधील राहिला नाही.

ऊसतोड मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ झालं. कारखान्यांनी टनामागे १० रुपये आणि सरकारने तेवढेच घालायचे, असं ठरलं. मुलांसाठी वसतिगृहं, ओळखपत्रं ही कामं चांगली आहेत. पण उचल, खर्ची आणि खाडा हे सगळं अजून मुकादमाच्याच वहीत आहे. गरिबी घालवायला पिढी लागेल हे मान्य, वही ताब्यात घ्यायला एक हंगाम पुरतो.

यंदा तुमच्या फडात टोळी येईल तेव्हा एवढंच विचारा, की उचलीचा हिशेब लिहिलेला कागद मजुराकडे आहे का. कुणाला डांबून ठेवल्याचं कळलं तर तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे जा, वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली सोडवणूक करणं ही महसूल यंत्रणेचीच जबाबदारी आहे. वेठबिगारीचं कर्ज फेडण्याची जबाबदारी त्याच कायद्याने रद्द झालेली आहे. आणि कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करण्याचा भार मजुरावर नाही, पैसे देणाऱ्यावर आहे.