जुन्या पद्मिनीच्या डॅशबोर्डमागील वायरिंगपर्यंत पोहोचताना

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीत पुढे अनेक मालकांनी डॅशबोर्डखाली एसी बसवून घेतला. मात्र त्याच्या कूलिंग युनिटमुळे, म्हणजे केबिनमधील हवा थंड करणाऱ्या पेटीमुळे, मीटर, फ्लॅशर आणि स्विचांच्या मागील जोडण्या हाताच्या आवाक्याबाहेर जातात.

कामाआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर प्रथम काढावी, कारण पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्टसर्किट होते. कूलिंग युनिटच्या गॅसच्या नळ्या मात्र सोडू नयेत. त्या पेटीचे बोल्ट काढून ती आधाराने, नळ्यांवर ताण न येता, जेवढी खाली येईल तेवढीच उतरवावी.

तथापि अनेकदा एवढ्या उघडझापीची गरजच नसते. अर्थिंग, म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे परतणारा विद्युतमार्ग, गंजामुळे क्षीण झाल्यास दिवे मंदावतात. बॅटरी पुन्हा जोडून आणि दिवे लावून, बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून दिव्याच्या अर्थिंगपर्यंत मल्टिमीटरने मोजलेला व्होल्टेज अर्ध्या व्होल्टहून अधिक आल्यास दोष त्या मार्गातच शोधावा. डॅशबोर्ड उकलण्यापूर्वी ही चाचणी झालीच पाहिजे, कारण जुन्या वायरींचे आवरण ठिसूळ झालेले असते आणि अनावश्यक ओढाताणीने ते तडकून नवा दोष उद्भवतो.

पुढे पुन्हा डॅशबोर्डमागे हात घालावा लागू नये म्हणून, नवे रिले, म्हणजे अल्प प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच, बसवायचे असल्यास ते बॉनेटखाली, पाण्यापासून दूर आणि सहज हाती येतील असे लावावेत.